डिझेल इंजिन बसवलेली जुनी फोर बाय फोर सकाळी सुरू होत नाही? हवा कुठून शिरते ते असं शोधा

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या फोर बाय फोरमध्ये डिझेल इंजिन बसवलं. अ‍ॅडॉप्टर प्लेट, माउंट, रेडिएटर, सगळं जमलं. इंजिन गरम असताना गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. पण रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं. मध्येच एखाददुसरा सिलिंडर पेटतो, गाडी थरथरते, बंद पडते. एकदा नीट धरली की मग दिवसभर कुरकुर नाही. काही गाड्या तीव्र चढावर किंवा टाकी पावभर उरली की दम सोडतात. मग हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) बदलले जातात, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) तपासायला जातात, शेवटी डिझेल पंपच खोलला जातो. महिनाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच.

माझं मत स्पष्ट आहे: या लक्षणांत इंजिनावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी पाहायची ती पेट्रोलच्या जमान्यातून जशीच्या तशी राहिलेली टाकी आणि तिथून इंजिनापर्यंत येणारे पाइप.

कारण असं. कार्बोरेटरला फ्लोट चेंबर असतो. पाइपातून पेट्रोलबरोबर हवेचे बुडबुडे आले तरी ते चेंबरमध्ये वर निघून जातात, खाली पेट्रोल उरतं आणि जेटला फक्त पेट्रोलच मिळतं. त्यामुळे जुन्या होजला पडलेली बारीक चीर किंवा सैल क्लिप कार्बोरेटरच्या गाडीत वर्षानुवर्षं कळतसुद्धा नाही. डिझेलच्या पंपाला असा चेंबर नाही. बुडबुडा थेट पंपात जातो, प्लंजर डिझेल दाबण्याऐवजी हवा दाबतो, हवा आकसते, आणि नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. म्हणजे गळती जुनीच, फक्त आता ती माफ करणारं कुणी उरलेलं नाही.

दुसरी गोष्ट सक्शनची. टाकी खाली आणि पंप वर असल्यामुळे टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा पंप) सगळा पाइप ओढीखाली असतो. तिथे भोक असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. इंजिन बंद झालं की त्याच भोकातून हवा घेत डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. सकाळी पाइप रिकामा असतो. म्हणून “कुठेच ओलं दिसत नाही, म्हणजे लीक नाही” हा निष्कर्ष इथे उलटा ठरतो. सक्शनच्या बाजूला बहुतेक वेळा लीक कोरडाच असतो.

आधी धूर पाहा

पाइपांच्या मागे लागण्याआधी एक साधी फारकत करून घ्या. थंड इंजिनला सेल्फ मारताना सायलेन्सरकडे एकाला उभं करा. धूर अजिबात नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर भकाभका येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. त्याची कारणं वेगळी: हीटर प्लग, कमी कॉम्प्रेशन, सेल्फचा कमी वेग, किंवा इंजिन बसवताना पंप काढला असेल तर टायमिंगचा एखादा दात चुकलेला. पांढरा धूर दिसत असताना हवेच्या शोधात दिवस घालवू नका.

सेल्फ जड फिरत असेल तर बॅटरीच्या जाड वायरी पाहा. पेट्रोल इंजिनाच्या मानाने डिझेलचा सेल्फ खूप जास्त करंट ओढतो, आणि जुन्याच वायरी ठेवल्या असतील तर त्या अपुऱ्या पडतात. सेल्फ मारताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं सेल्फच्या बोल्टवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर किंवा जोड वाया गेलाय. हेच माप बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत घ्या. नवं इंजिन रबरी माउंटवर बसवल्यावर ब्लॉक ते चेसिस अर्थिंगची पट्टी लावायची राहून जाणं हा इंजिन बदलण्यातला नेहमीचा घोळ आहे. अशा वेळी करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली तर दुसरा पुरावा नको.

स्टॉप सोलेनॉइडची वायर

ही गोष्ट हवेची नाही, पण लक्षणं इतकी सारखी की आधी बाजूला काढलेली बरी. बऱ्याच रोटरी पंपांवर (एकाच फिरत्या भागाने सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटणारे पंप) डिझेल बंद-चालू करणारा सोलेनॉइड असतो. बॉशचा व्हीई पंप त्यातलाच. किल्ली फिरवली की त्याला पूर्ण 12 व्होल्ट मिळायला हवेत. इंजिन बसवताना सहसा ही वायर कुठे जोडली जाते? जुन्या इग्निशन कॉइलची वायर मोकळी झालेली असते, तिला.

आता जुन्या कितीतरी गाड्यांत कॉइलला बॅलास्ट रेझिस्टरमधून वीज जाते. सेल्फ मारताना बायपासने पूर्ण व्होल्टेज, आणि किल्ली सोडली की रेझिस्टरमधून कमी. सोलेनॉइड त्या वायरवर टाकला तर सेल्फ मारताना तो उघडतो, इंजिन पेटतं, आणि किल्ली सोडताच कधी टिकतं, कधी बंद पडतं. इंजिन तापलेलं, सोलेनॉइड तापलेला, बॅटरी थोडी उतरलेली, या सगळ्यावर ते अवलंबून. म्हणून दोष लहरी वाटतो.

याच्या उलटा प्रकारही आहे. वायर अ‍ॅक्सेसरीच्या सर्किटवर घेतली असेल तर किल्ली सेल्फच्या जागी गेल्यावर ते सर्किट तुटतं. सेल्फ फिरतो पण डिझेल बंद. किल्ली सोडण्याच्या क्षणी, इंजिन अजून फिरत असतानाच, सोलेनॉइड उघडतो आणि कधीकधी तेवढ्यात इंजिन धरतं. “सेल्फ सोडला की सुरू होते” असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा हेच विचारतो. दोन्हींची तपासणी एकच: सोलेनॉइडच्या टर्मिनलवर मीटर लावून किल्ली चालू, सेल्फ, पुन्हा चालू, अशा तिन्ही अवस्थांत व्होल्टेज पाहा. सेल्फ मारताना ते थोडं खाली जाणारच, कारण बॅटरीच खाली जाते. पण गायब व्हायला नको, आणि इंजिन चालू झाल्यावर बॅटरीइतकंच दिसायला हवं.

जेरीकॅनची चाचणी, पण जमिनीवर

वीज ठीक, धूर नाही, हीटर प्लग ठीक. आता हवा.

पंपाच्या इनलेटआधी हातभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी घाला आणि दुसरी तशीच पंपाच्या रिटर्नवर (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी वाट). इंजिन चालवून पाहा. पंप उघडल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर सुरुवातीला बुडबुडे दिसतात, ते काही मिनिटांत थांबायला हवेत. इनलेटमध्ये सतत बारीक बुडबुड्यांची माळ येत असेल तर हवा पंपाच्या आधी शिरतेय. इनलेट स्वच्छ आणि रिटर्नमध्ये मात्र फेस, तर संशय पंपाच्या शाफ्ट सीलवर किंवा झाकणाच्या सीलवर जातो. इंजिन बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी किल्लीला हात लावण्याआधी नळी पाहा. रिकामी असेल तर डिझेल उतरतंय हे पक्कं.

मग जेरीकॅन. टाकीपासून आलेला पाइप पंपाच्या फिल्टरआधी सोडवा, इनलेट आणि रिटर्न दोन्ही नव्या होजने जेरीकॅनमध्ये टाका, रिटर्नचं टोक डिझेलच्या पातळीखाली ठेवा. इथे एक बारकावा आहे. बहुतेकजण कॅन बॉनेटवर किंवा टपावर ठेवतात. उंचावरचा कॅन डिझेल आपणहून खाली ढकलतो, सक्शन संपतं, आणि फिल्टर किंवा पंपाकडचा हवेचा लीक झाकला जातो. गाडी झकास सुरू होते आणि तुम्ही टाकीचा पाइप बदलत बसता. कॅन जमिनीवर ठेवा, टाकीइतक्याच किंवा तिच्याहून खालच्या पातळीवर. सकाळी तरीही त्रास झाला तर दोष कॅन आणि पंपाच्या मधल्या भागात आहे: फिल्टरचं डोकं, प्रायमर (हाताने डिझेल भरायचा छोटा पंप), फीड पंप, बॅंजो बोल्टचे (ज्यातून डिझेल जातं असे पोकळ बोल्ट) वॉशर. त्रास गेला तर तो मागच्या अर्ध्यात. एका रात्रीत अर्धी गाडी संशयातून सुटते.

उंचावरच्या कॅनचा मात्र दुसरा उपयोग आहे. दोष पुढच्या भागात असल्याचं कळल्यावर कॅन वर ठेवा आणि इंजिन न चालवता तासभर थांबा. आता त्या भागाला आतून दाब आहे, म्हणून जिथून हवा शिरत होती तिथून डिझेल पाझरेल. सांधे आधी कोरडे पुसून त्यांवर खडूची पूड लावली की बारीक ओलही उठून दिसते.

पुढच्या भागात कुठे पाहायचं

फिल्टरच्या डोक्यावर बसवलेला हँड प्रायमर हा पहिला आरोपी. त्याचा डायाफ्राम वयाने तडकतो आणि तडा बटणाखाली लपतो. प्रायमरमधले छोटे व्हॉल्व्ह डिझेलला मागे जाऊ देत नाहीत, त्यांच्यात कचरा अडकला की ते गळके होतात. त्यानंतर फिल्टरची रबरी रिंग: जुनी चिकटून राहिली आणि नवी तिच्यावर बसली, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त होतो.

बॅंजो बोल्टचे तांब्याचे वॉशर एकदा चेपले की कडक होतात. दुसऱ्यांदा वापरायचे असतील तर लालबुंद तापवून थंड करावे लागतात, नाहीतर नवे टाका. नवेच टाका. व्हीई पंपावर रिटर्नच्या बॅंजो बोल्टला आत अगदी बारीक छिद्र असतं आणि डोक्यावर बहुधा ‘आउट’ असं कोरलेलं असतं. इनलेटचा बोल्ट मोकळ्या छिद्राचा. दोन्हींची अदलाबदल झाली तर पंपाच्या आतला दाब कोलमडतो, आणि पंपाचं अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की डिझेल लवकर फवारणं) त्याच दाबावर चालतं. हवेचा लीक नसताना हवेचीच लक्षणं दिसतात. इंजिन सेकंडहँड आलं असेल तर हे पाहणं दोन मिनिटांचं काम आहे.

नोझलवरच्या ओव्हरफ्लोच्या बारीक विणलेल्या नळ्या आणि शेवटच्या नोझलवरची रबरी टोपी याही विसरू नका. इंजिन बदलताना त्यांना धक्के लागतात, विणीखाली रबर फाटलेलं दिसत नाही. तिथून हवा शिरली की रिटर्नच्या वाटेने पंप रिकामा होऊ शकतो.

मागचा अर्धा: पाइप आणि टाकी

कार्बोरेटरचा पाइप त्याच्या गरजेपुरता असतो. डिझेलचा पंप मात्र जळतं त्यापेक्षा बरंच जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं थंडावा व वंगणाचं काम करून टाकीत परत पाठवतो. 6 मिलिमीटरच्या पाइपातून तेवढं ओढायचं तर सक्शन वाढतं, आणि जितकं सक्शन जास्त तितका बारीकसा लीकही जास्त हवा घेतो. मी फीडला 8 मिलिमीटरचा नवा धातूचा पाइपच टाकतो, जुना ठेवतच नाही. जुन्या पाइपात चेसिसच्या पकडीखाली गंजलेली जागा असते, ती सोडवल्याशिवाय दिसत नाही.

चेसिसवरचा धातूचा पाइप आणि इंजिन यांच्यामध्ये रबरी होज सैल हवी. डिझेल इंजिन बंद होताना चांगलंच हलतं. होज ताणलेली असेल तर प्रत्येक झटका सांध्यावर येतो. क्लिपांबद्दल: रुंद पट्टीच्या, खाचा असलेल्या क्लिपा रेडिएटरच्या होजसाठी ठीक. 8 मिलिमीटरच्या होजला त्या गोल आवळत नाहीत, अंडाकृती करतात आणि रबर कापतात. इंधनाच्या होजसाठी कडा वळवलेल्या छोट्या बोल्टच्या क्लिपा मिळतात, त्याच वापरा.

रिटर्न ही या सगळ्यातली सर्वात जास्त हेळसांड होणारी गोष्ट. कित्येक जुन्या पेट्रोल टाक्यांना रिटर्नची वाटच नसते, किंवा वाफेसाठी दिलेली असते आणि तिच्यात मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेलं असतं. मग सोपा मार्ग म्हणून रिटर्न टी जोडून फीडच्या पाइपातच सोडला जातो. चालतं. काही काळ. पण पंपातून निघालेली हवा बाहेर पडायला जागाच राहत नाही, तीच पुन्हा पंपात फिरते, आणि तेच तेच डिझेल तापत जातं. गरम इंजिनाचं आयडल डगमगतं, लांब प्रवासानंतर सुरू व्हायला त्रास होतो. रिटर्न टाकीतच गेला पाहिजे, पिकअपपासून (टाकीतून डिझेल ओढणारी नळी) दूर, आणि डिझेलच्या पातळीखाली उघडणारा असेल तर उत्तम. पिकअपच्या तोंडावर सोडला तर फेस थेट परत ओढला जातो.

टाकी श्वास घेते का, हेही पाहा. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या टाकीची वाफ नळीने कोळशाच्या डब्यात जाते. इंजिन बदलताना डबा काढला आणि नळीला बूच मारलं, की टाकीचा श्वास कोंडतो. मग गाडी सकाळी ठणठणीत, अर्ध्या तासाने ताकद उतरत जाते, थोडा वेळ थांबलं की पुन्हा ठीक. टाकीचं झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज आला तर निदान झालं. नळीला छोटा फिल्टर लावून ती उंचावर, पाणी-चिखल पोचणार नाही अशी मोकळी सोडा.

चढावर किंवा बाजूला कलल्यावर दम सुटत असेल तर पिकअपच्या नळीचं टोक पाहा. तळापासून ते किती वर आहे? टाकीत आडव्या पत्र्या आहेत का? कार्बोरेटरच्या गाडीत टोक क्षणभर उघडं पडलं तरी चेंबरमधल्या पेट्रोलवर वेळ निघते. डिझेलमध्ये तेवढ्यानं इंजिन बंद. तळाशी छोटा खोलगट भाग करून पिकअप त्यात बसवणं हा पक्का उपाय. तोवर पाव टाकीखाली जाऊन चढ घेऊ नये.

इलेक्ट्रिक पंप लावून प्रश्न मिटेल का?

अर्धा मिटेल. टाकीजवळ कमी दाबाचा पंप लावला की पाइप सक्शनऐवजी दाबाखाली येतो, हवेचा लीक डिझेलचा लीक बनतो आणि निदान दिसू तरी लागतो. फोल्क्सवॅगनच्या जुन्या 1.6 डिझेलसारख्या इंजिनांत वेगळा फीड पंप नसतोच, व्हीई पंप स्वतःच ओढतो. तिथे लांब पाइपाच्या गाडीत असा पंप कामाचा ठरतो. लँड रोव्हरचं 200टीडीआय किंवा कमिन्सचं 4बीटी यांना इंजिनावरच यांत्रिक फीड पंप आहे. तो चांगला असेल तर जास्तीचा पंप म्हणजे लीक लपवायची सोय.

पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला मूळ पंप तसाच ठेवायचा मोह मात्र आवरा. तो 2.5 ते 3 बार दाब देतो. रोटरी पंपाचं शाफ्ट सील एवढ्या दाबासाठी नसतं. सील सुटलं आणि पंप टायमिंग गिअरच्या बाजूने चालणारा असेल तर डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढतेय आणि डिझेलचा वास येतोय, असं दिसलं तर इंजिन चालवणं तिथेच थांबवा. यांत्रिक फीड पंपाचा डायाफ्राम फाटला तरी हेच होतं.

हवा काढताना

क्रम टाकीकडून नोझलकडे. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारा, बुडबुडे थांबले की आवळा. मग पंपावरचा स्क्रू. यांत्रिक फीड पंपाचा हाताचा लिव्हर सैल लागत असेल, मारूनही काही येत नसेल, तर पंप बिघडला असं लगेच समजू नका. कॅमच्या उंच भागावर तो थांबलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवा, लिव्हरला जोर येईल. शेवटी दोन नोझलच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल टपकू लागलं की आवळा.

हे फक्त जुन्या यांत्रिक पंपांसाठी. कॉमन रेलच्या (एकाच सामायिक दाबनळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या) इंजिनाचे नट चालत्या इंजिनावर किंवा सेल्फ मारताना कधीही सैल करायचे नाहीत, तिथे दाब 1000 बारच्या पुढे जातो. जुन्या पंपावरही फवाऱ्याजवळ हात नको. डिझेल कातडीखाली घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची वेळ असते, मलमपट्टीची नाही. आणि हीटर प्लग असलेल्या इंजिनात इथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारा, मध्ये मिनिटभर थांबा. हवा काढण्यात सेल्फ जळाल्याची उदाहरणं हवेच्या लीकइतकीच आहेत, असं मला कधीकधी वाटतं.

दुरुस्तीनंतर पारदर्शक नळ्या आठवडाभर राहू द्या. गाडी नाक वर करून चढावर एक रात्र, नाक खाली करून दुसरी रात्र उभी करा. दोन्ही सकाळी नळी भरलेली आणि गाडी पहिल्या सेल्फला धरते, असं दिसलं की त्या काढून चांगली रबरी होज लावा. पारदर्शक नळी उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने कडक होते, क्लिपेखाली चिरते, आणि काही महिन्यांत तिच्यातूनच हवा शिरू लागते.